बिनहातांच्या खुर्च्या

निवृत्तीनंतर माझा कॉलेजातला मित्र नितीन याने घर नव्याने सजवून घेतलं, म्हणून बघायला गेलो. पांढऱ्या भिंती, मोकळी फरशी आणि दिवाणखान्यात फक्त चार खुर्च्या. बारीक पायांच्या, ठेंगण्या, हात नसलेल्या.

"नको ते सगळं काढून टाकलं," नितीन कौतुकाने म्हणाला.

त्याची आई मात्र सगळा वेळ उभीच होती, एका खुर्चीच्या पाठीवर बोटं टेकवून. "काकू, बसा ना," मी म्हटलं. "उभंच बरं वाटतं रे," त्या म्हणाल्या. नितीन चहा टाकायला आत गेला, तेव्हा हलकेच बोलल्या, "बसता येतं. उठायला दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते."

मला आमच्या जुन्या खुर्चीचे हात आठवले. टोकाशी पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. रोज वडील तिथे सगळा भार टाकून उभे राहायचे, आणि त्यांना किती जड जातंय ते आम्हाला कधी कळलंच नाही. खुर्चीने त्यांची लाज राखली होती. घरात काय नको ते ठरवताना हे कोण कशाला लक्षात घेईल?

संध्याकाळी निघालो. उठताना माझे दोन्ही हात आपोआप बाजूंना गेले आणि हवेतच चाचपडत राहिले.

काकू बघत होत्या.

"तुझंही सुरू झालं का रे?" त्यांनी विचारलं.