ओकेची व्युत्पत्ती आणि माझं लग्न

मला पाहायला आलेला मुलगा सॉफ्टवेअरमधला होता. आईने विचारलं, "पोहे कसे झालेत?" तो म्हणाला, "ओके." आईचा चेहरा पडला. तेव्हा पुण्यात नुकत्याच काचेच्या इमारती उठत होत्या आणि तिथल्या पोरांचं सगळं या एका शब्दात भागायचं. हो, बघतो, चाललंय, पुरे आता, सगळ्याला ओके. मला मात्र तो आवडला. चांगलाच आवडला.

बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. ते म्हणाले, "हा शब्द म्हणजे मुळात एका वर्तमानपत्रातली थट्टा. 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने, ओ आणि के घालून लिहिलेलं."

मुलाचे वडील तार ऑफिसातून निवृत्त झालेले. "छे, हा तारवाल्यांनी काढलेला शब्द. आमच्याकडे सगळे हेच सांगायचे."

"आपल्याकडे बरंच काही सांगत असतील," बाबा म्हणाले.

झालं. पोहे गार झाले आणि उठताना "कळवतो" म्हणायचंसुद्धा राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचे वडील, म्हणजे काका, पुन्हा हजर, काखेत जाडजूड कोश. मग रोजच. दोघं बुधवार पेठेतल्या सायबर कॅफेतही जाऊन आले. तिथे आणखी ढीगभर व्युत्पत्त्या निघाल्या. कुणी म्हणे ग्रीक, कुणी म्हणे अमेरिकेतल्या आदिवासींची बोली. दोघांनी मिळून त्या सगळ्या निकालात काढल्या आणि पुन्हा एकमेकांवर घसरले. माझ्या लग्नाचं नावच नाही. मुलगा पुढच्या महिन्यात अमेरिकेला निघणार आणि इथे यांचा चहावर चहा. माझं डोकं सणकलं.

शेवटी कप आदळत मीच विचारलं, "काका, तुमचा होकार आहे की नकार?"

ते ओशाळले. "अगं, होकार पहिल्याच दिवशी होता. पण एकदा का व्याही झालो, की मुलीचे वडील म्हणून हे माझ्यापुढे गप्प बसणार. मग मी भांडू कुणाशी?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. सख्ख्या भावापुढे, साहेबापुढे, कुणापुढेही एक मुद्दा न सोडलेला माणूस.

"आपलंच बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "तारवाल्यांचाच शब्द तो. आता मुहूर्ताचं बोलू."

पाठवणीच्या वेळी मी रडले नाही म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली. माझं रडून त्या संध्याकाळीच झालं होतं, स्वयंपाकघरात.