चिकटवलेला कान

बडोद्याच्या आमच्या संग्रहालयात आदिवासी दालन माझ्याकडे आहे. तिथल्या मातीच्या घोड्याला मी पोटच्या पोरासारखं जपलं. त्याचा तुटलेला कान मीच चिकटवला होता, आणि कुणी काचेला नुसतं बोट लावलं तरी माझं डोकं फिरायचं.

एके दिवशी छोटा उदेपूरकडच्या एक आजी त्या काचेपुढे बसल्या, त्या उठेचनात. "बेन, ए मारो घोडो छे," म्हणाल्या. तान्ह्या असताना त्या मरता मरता वाचल्या, म्हणून वडिलांनी तो देवाच्या झाडाखाली वाहिला होता. कपाळावरची कवडी त्यांच्या आईच्या माळेतली. मग कुणीतरी, कुणाला न विचारता, तो उचलून शहरात आणला. त्यांच्या गावात असा घोडा उघड्यावरच राहतो. झिजून, फुटून मातीला मिळाला की नवस पुरा. आजींचा नवस आमच्या काचेत अडकला होता, आणि डोळे मिटायच्या आत त्यांना तो सुटलेला बघायचा होता.

आमच्या संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, तिथे फुटेल तो."

"फुटायलाच चाललाय, साहेब."

नाही म्हणाले. मी कसली ऐकते! चहाच्या वेळी, जिन्यात, गाडीपाशी गाठून मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी समितीने होकार दिला तेव्हा मी सुभानपुऱ्यातून पेढे आणून साहेबांनाच पहिला भरवला.

घोड्याला कापसात, स्पंजात गुंडाळून नेलं. प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरने माझी बोलणी खाल्ली. झाडाखाली कितीतरी घोडे होते, काही धड, काही नुसते पाय उरलेले. आजींनी आपला त्यांच्यात उभा केला, ढोल वाजला, गूळ वाटला. मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांसमोर नाचलेसुद्धा.

तेवढ्यात एक बकरी आली आणि घोड्याला पाठ घासू लागली. मी "हाड, हाड" करत धावले, पण उशीर झाला. कान खाली पडला.

आजी मात्र बोळक्या तोंडाने खुदुखुदु हसत होत्या. "चालू थयुं, बेन," म्हणाल्या, म्हणजे नवस सुटायला सुरुवात झाली, आणि त्यांनी तो कान माझ्या हातात दिला.

सवयीने मी तुकडा जपून ठेवायला पर्समध्ये डबी शोधायला लागले. मग पर्स मिटली, आणि कान घोड्याच्या पायाशी मातीत ठेवला.