कॉम्प्युटरने काढलेला मंगळ

माझ्या जन्माची वेळ आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. आम्ही बौद्ध. पत्रिका आजोबांच्या काळातच घरातून गेली, ती परत कुणी मागितली नाही. दोन हजार सालानंतर मात्र कॉम्प्युटरने मागितली.

मी तेव्हा पंचविशीत होते, हिंगोलीत एका दवाखान्यात नोंदी टाइप करायचे. कुणीतरी वडिलांच्या कानावर घातलं की आता इंटरनेटवर लग्नं जुळतात. झालं! एका रविवारी आईला घेऊन ते जवळा बाजारहून आले आणि आम्ही डेपोजवळच्या नेट कॅफेत गेलो. कॅफेवाला पूर्वी टायपिंग शिकवायचा, हात झरझर चालायचा. लग्नाच्या साइटवर माझी माहिती भरताना जन्मवेळेपाशी मात्र तो थांबला. तिथे लाल खूण होती, ती जागा भरल्याशिवाय पान पुढे सरकेना.

"टाइम काय होता?" त्याने आईला विचारलं.

"कापूस येचून बाया घरी येऊन राहिल्या होत्या, तवा."

त्याने संध्याकाळचे सहा टाकले. तारीख शाळेच्या दाखल्यावरची, एक जून. गुरुजींनी ती आमच्या अर्ध्या वर्गाला वाटलेली. जून महिन्यात कापूस कोण वेचतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. पण पान पुढे सरकलं याचाच आनंद मोठा होता.

महिनाभरात वाशीमचं स्थळ आलं. मुलगा आमच्यातलाच, नोकरीला, बोलायला साधा. मला तो आवडला होता, सरळच सांगते. बोलणी पक्की होत आली आणि त्याच्या काकांचा वडिलांना फोन आला. काका हायस्कूलात विज्ञान शिकवायचे.

"पोरीला मंगळ हाय म्हन्ते."

वडील हसले. "सर, आपन कवापासून मंगळ मानाय लागलो?"

"पत्रिका आमी न्हाई मानत. पण हे भटजीनं न्हाई सांगितलं, कॉम्प्युटरनं काढलं. ते सायन्स हाय. त्याला काहून न्हाई म्हनायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांनी ज्याला उंबऱ्याबाहेर काढलं, ते वायरीतून आत आलं आणि आम्हीच त्याला बसायला पाट दिला होता. आता यंत्र बोलतं, पत्रं लिहून देतं, काय घ्यावं, कुणाशी बोलावं तेही सुचवतं. लोक म्हणतात, हे सगळं अचानक आलं. अचानक कसलं? "कॉम्प्युटर म्हणतो" असं आपण तेव्हापासूनच म्हणतोय, आणि त्याच्या पोटात काय घातलं होतं ते विसरतोय. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझा मंगळ गुरुजींच्या तारखेतून आणि कॅफेवाल्याच्या अंदाजातून निघालेला होता.

कॅफेवाल्याकडे इलाज तयारच होता. त्याने वेळ बदलून साडेआठ केली, मंगळ गेला. वडील कोरा करकरीत कागद घेऊन माझ्या खोलीवर आले.

"बघ, गेला. एवढा कागद दाखवतो त्याइले."

मी कागद हातात घेतला. तो वाशीमला पोचला की लग्न ठरत होतं, आणि ते मला हवं होतं.

"बाबा, पहिला खोटा तर हा खरा कसा?"

"एक कागद तर हाय. काय तकलीफ हाय तुला?"

"आज मंगळ काढून टाकला. उद्या माझं लेकरू आजारी पडलं, की त्याचीबी पत्रिका काढतील. मग पुन्हा टाइम बदलायचा?"

मी बॉलपेन घेतलं आणि त्या ग्रहांवर आडवं लिहिलं, 'मला पत्रिका नाही. यायचं तर असंच या.' वडिलांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं आणि वाशीमची गाडी धरली.

संध्याकाळी परतले तेव्हा चेहऱ्यावरूनच कळलं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"काय म्हणाले?"

"म्हनले, पोरगी लई हट्टी हाय."

"मग तुम्ही?"

"म्या म्हनलं, व्हय. आमचीच हाय."