शेवटचं कोण?

स्पेनमधल्या ग्रानादात शिकायला आल्यावर पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी पाव आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तर आत दहा-बारा माणसं वाटेल तिथे उभी होती. रांग नावालाही नव्हती. मी बुजून दाराशीच थांबले.

तेवढ्यात काठी टेकत एक आजीबाई आल्या आणि मोठ्यानं विचारलं, "शेवटचं कोण?"

एका माणसानं हात वर केला. आजींनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता शेवटची मी. माझ्यामागे तू." मग त्या खुशाल बाहेर जाऊन शेजारणीशी बोलत बसल्या.

मला गंमत वाटली. आमच्या मिरजेत पुढच्याच्या पाठीला नाक लावून उभं राहिलं, तरी मध्ये कुणीतरी घुसतंच. इथे प्रत्येकानं फक्त आपल्या पुढचं एक माणूस लक्षात ठेवायचं, की झालं. पण ते माणूसच विसरलं तर?

आजींचा नंबर आला, तरी त्या बाहेरच. कुणाचा नंबर आहे, हे तिथे फक्त मलाच ठाऊक होतं. दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. मी बाहेर धावले. स्पॅनिश ऐन वेळी आठवेना, तोंडातून मराठीच निघालं, "आजी, चला, तुमचा नंबर!"

त्यांना ते बरोबर कळलं. हसत त्यांनी माझा दंड धरला आणि आत येऊन दुकानदाराला सांगितलं, "ही माझ्यामागची."

त्या शहरात माझी कुणी कुणाला ओळख करून दिली, ती ही पहिलीच.