सरचा नंबर संपला तेव्हा

"मी डॉक्टर नाई हं!" पेशंट अजून चपलाच काढून राह्यला असे, तेवढ्यात बोट वर करून आमचे सर पहिले हेच सांगत. पेशंट शांतपणे बाकावर बसे आन विचारे, "बरं, मंग डॉक्टर कधी येते?"

गडचिरोलीकडच्या आमच्या दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीत, बाजूच्या खोलीत सर. कान तपासाचे, न बोलणाऱ्या लेकरांले बोलतं कराचे. तुम्ही म्हणसान, मंग डॉक्टरच ना? सर म्हणे, "माह्यं शिक्षण येगळं, नोंदणी येगळी. आहे तेवढंच म्हणावं."

ते नोंदणीचं अजूनबी माह्या डोक्यात घुसत नाई. डिग्री झाली, नंबर भेटला, झालं ना? नाई! काही वर्षांनी नंबर पुन्हा चालू करा लागते, त्याच्यासाठी ट्रेनिंग करून पॉइंट जमवा लागते. सरनं ऑनलाइन ट्रेनिंग लावली, आन आमचं नेटवर्क तुम्हाले माहीतच आहे. कॅमेरा बंद, हजेरी गेली, पॉइंट गेले. नंबर संपला!

दुसऱ्या सकाळी सरनं खोलीले कुलूप लावलं आन व्हरांड्यात बसले. तेवढ्यात जंगलातल्या गावची एक बाई बसनं आली, कडेवर पोरगी. पोरीले कानाची मशीन नवीनच लागली होती, आता बोलणं शिकवाचं होतं. हे वय गेलं का लई कठीण, हे सरनंच सांगतलं होतं.

"आज नाई जमत बाई. माहा नंबर संपला."

बाईनं त्याईले खालून वरपर्यंत पाह्यलं. "रातभरात इसरले का?"

मले हसू आलं, मंग रागच आला. "सर, इथी कोन पाहाले येते?"

"कोनीच नाई ना. म्हणून तं."

आता याचा अर्थ काय घेवाचा, तुम्हीच सांगा!

बाईच्या पदरात बोरं होती. सर म्हणे, "एक बोर तोंडाजवळ धरा. नाव घ्या, मंगच तिले द्या. तुम्ही करा. मी फक्त बोरं खाऊन राह्यलो." परतीच्या बसपर्यंत हेच! शेवटी पोरगी म्हणे, "बो." सरनं तोंड फिरवलं, डोळे पुसले. "हे मी केलं नाई हं," मले म्हणे.

नंबर नाई म्हणून सरचं कंत्राट पुढं गेलं नाई. नागपूरले जाऊन ट्रेनिंग केली, नंबर चालू झाला, पण तोवर इथली जागाच गेली. आता ते राजुऱ्याले आहेत. त्याईच्या खोलीत सलाइनचे खोके ठेवले.

परवा ती बाई आली. पोरगी "पानी दे" म्हणते आता! बाई खिडकीत वाकून हळूच म्हणे, "ताई, शेजारची बाई आपला पोरगा माह्याकडं आणून राह्यली. त्यालेबी शिकव म्हणते. माह्याकडं तं नंबर नाई. चालते का?"

मी सरले फोन लावला. रिंग जाऊन राह्यली होती, आन सरनं उचलावं का उचलू नये, हेच मले कळून नोतं राह्यलं.