साखरेचं दार

सासूबाईंनी मधमाश्यांची भरलेली वसाहत दोन पेट्यांत वाटली. जुनी राणी एका पेटीत राहिली. दुसरीसाठी नवी राणी आणली, जाळीच्या बोटभर पिंजऱ्यात. पिंजऱ्याचं तोंड मधात मळलेल्या पिठीसाखरेनं बुजवून त्यांनी तो चौकटींमध्ये अडकवला.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर जाळीला माश्या गच्च चिकटलेल्या. सासूबाईंनी बोटानं हळूच ढकलून पाहिलं. एकही हलेना.

"अजून परकीच वाटतेय त्यांना. आत्ता सोडली तर मारून टाकतील."

"मग?"

"मग काय, खाऊ दे साखर. बाहेरून या खातात, आतून राणीच्या सोबतिणी. वाट मोकळी होईतो तिचा वास ओळखीचा होतो." झाकण लावताना त्या हसल्या. "तुझ्या खोलीच्या दाराला काय लावू गं?"

लग्न झाल्यापासून काम आटोपलं की मी दार लोटून पुस्तक उघडते. या घराला माझी सवय व्हायची आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. रोज दुपारी दाराबाहेर झाकलेला चहाचा कप असतो. तो मी आत घेते, पिते, धुऊन ठेवते. बाहेरून साखर कधीची खाल्ली जात होती. आतून मी कणही उचलला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी चहा मी केला. दोन कप घेऊन मागच्या अंगणात गेले, तेव्हा त्या नव्या राणीच्या पेटीवर वाकलेल्या होत्या.

"ये, बघ," त्या म्हणाल्या.

मी बोट पुढे केलं. जाळीवरच्या माश्या सहज बाजूला झाल्या.