दोन खुर्च्यांची शाळा

शिक्षक हा राष्ट्राचा पाया असतो. पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत आम्हा नव्या मास्तरांची सभा झाली, तिथं हे वाक्य मी तीन वक्त्यांच्या तोंडून ऐकलं. पाया जमिनीत पुरावा लागतो, हे मात्र तिघांपैकी कुणी बोललं नाही. मला पुरलं ते फर्दापूरच्या पलीकडं, मोटार सोडल्यावर दोन तास चालत गेलं की लागणाऱ्या धनगरवाडीत.

शाळेची खोली आधी निजामाच्या करोडगिरीचा नाका होती. खानदेशातून येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. नाका उठला, शाळा आली. सरकारनं काटकसर म्हणून नाक्याची उर्दू फळी उलटी करून मागच्या अंगाला ‘प्राथमिक शाळा’ असं मराठीत लिहिलं. फळी एका तारेवर लटकत होती. वारा सुटला की फिरायची, आणि शाळेचा पुन्हा नाका व्हायचा.

मी तरी काय वेगळा होतो? मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूत शिकलेलो. मराठी घरात बोललो होतो, शाळेत कधी नाही. आता मातृभाषेतून शिक्षण सुरू झालं होतं, त्यामुळं पोरांना त्रिकोण शिकवण्याआधी तो मला शिकावा लागे. तोवर तो माझ्या लेखी मुसल्लस होता.

दिवाळी सरली की वाडी मेंढरं घेऊन घाटाखाली खानदेशात उतरायची. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडावर परत यायचं. कोकरं पोरांनीच सांभाळायची, म्हणून पोरंही जायची. मागं उरायचो मी आणि गुडघ्यानं अधू झालेला एक म्हातारा. तो दिवसभर लोकर कातायचा आणि दुपारी मला भाकरी द्यायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. अकराला मी शाळा उघडायचो, सोळा नावांपुढं ‘गैरहजर’ लिहायचो आणि पाचपर्यंत बसायचो. काही दिवस मी नावं मोठ्यानं पुकारली. मग ते बंद केलं. खोलीत आवाज फार घुमायचा.

आजूबाजूचे मास्तर अशा वेळी सगळ्या पोरांना हजर दाखवत. मी खरं लिहीत होतो, पण त्यात सचोटी कमी आणि हिशेब जास्त होता. परिपत्रक आलं होतं, की तपासणीच्या दिवशी ज्या शाळेत एकही मूल नसेल ती बंद करावी आणि मास्तराला शहरात घ्यावं. शहरात माणसं होती. दुसरं काही मला नको होतं.

तपासणीचं पत्र ऐन माघात आलं. म्हाताऱ्यानं विचारलं, “काय लिवलंय, मास्तर?”

“साहेब येणार आहेत, बाबा. पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद.”

“मंग तुमचं?”

“मला जावं लागेल.”

इथं माझी चूक झाली. आनंद दिसू नये म्हणून मी तोंड पाडलं. जरा जास्तच पाडलं. म्हाताऱ्यानं ते निरखून पाहिलं आणि तो पुन्हा कातायला लागला. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर त्यानं गूळ दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तपासणीच्या सकाळी मी ट्रंक भरून शाळेत गेलो, तर दारात घोंगड्या पसरलेल्या. सोळाच्या सोळा पोरं हजर, त्यांचे बाप हजर, तीन कोकरंही हजर. म्हाताऱ्यानं घाट उतरणाऱ्या एका गाडीवानाकडून सांगावा धाडला होता, आणि ही माणसं दीड दिवस चालत वर आली होती.

“मेंढरं कुणाकडं?” मी विचारलं.

“बायकांकडं,” एका पोरीचा बाप म्हणाला. “तुमी तोंड कशापायी वाळवून घेतलंय? आमी हाय ना!”

साहेब आले. मी शिकत होतो तेव्हा हेच साहेब आमच्या शाळेत शेरवानी आणि रुमी टोपीत यायचे. आता खादीत होते. शाळेतली एकुलती खुर्ची मी त्यांना दिली आणि स्वतः उभा राहिलो. त्यांनी त्याच माणसाच्या पोरीला बाराचा पाढा विचारला. चार महिने शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या पोरीनं तो कुठंही न अडखळता म्हटला.

“कुणी पाठ करून घेतला?” साहेबांनी विचारलं.

“मीच. मेंढरं मोजताना म्हनते,” ती म्हणाली. मग बाप डोळे वटारतोय हे पाहून घाईनं म्हणाली, “मास्तरानं सांगितलं व्हतं.”

मी काही सांगितलं नव्हतं.

साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी शेऱ्याच्या वहीत पानभर लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. त्यात ज्ञानगंगा होती, मेंढपाळांची गुरुभक्ती होती, आणि शेवटी अशा शिक्षकाला येथून कदापि हलवू नये अशी शिफारस होती.

दुपारी घोंगड्या गुंडाळल्या गेल्या. जाता जाता पोरीचा बाप माझ्याजवळ थांबला. “आता घोर नाय, मास्तर. तुमाला कुणी हालवत नाय.”

“व्हय,” मी म्हणालो. त्याला खरं सांगायचं माझ्यानं झालं नाही. पोरीनं घाटाच्या वळणावरून हात हलवला. मी आत येऊन ट्रंक उघडली, कपडे खुंटीला लावले. दुसऱ्या दिवशी अकराला सोळा नावांपुढं ‘गैरहजर’ लिहिलं.

मी तिथं आणखी नऊ वर्षं होतो. साहेबांच्या शेऱ्यातली दुसरी शिफारसही मंजूर झाली: तपासणीच्या वेळी शिक्षकाला उभं राहावं लागलं, सबब शाळेला आणखी एक खुर्ची द्यावी. ती चैत्रात आली. पोरं परतायला अजून दोन महिने होते, म्हणून मी दोन्हींवर दिवसाआड बसायचो.